शंकासुर चंद्रावर

२६ जून १९६९ रोजी अलेक्सी लिओनोव्ह हा रशियन अंतराळवीर चंद्रावर उतरला, आर्मस्ट्राँगच्या चोवीस दिवस आधी, आणि सगळी अमेरिका टीव्हीपुढे थिजून बसली. 'फॉर ऑल मॅनकाइंड' या मालिकेची ही सुरुवात शंकासुराने चहाच्या एका घोटाबरोबर गिळली. भुवईसुद्धा हलली नाही. पुढे एड बाल्डविन नावाचा अमेरिकन अंतराळवीर कुरकुरतो, की आम्ही अपोलो १० मधून चंद्राच्या इतक्या जवळ गेलो होतो, मनात आणलं असतं तर तेव्हाच उतरलो असतो. झालं. शंकासुराने माझ्या हातातला रिमोट काढून घेतला.

"उतरला असता! आणि वर कसा आला असता? अपोलो १० च्या लँडरमध्ये वर यायच्या टप्प्यात पुरतं इंधन भरलेलंच नव्हतं. पंधराएक किलोमीटरवर जायचं आणि मागे फिरायचं, एवढंच काम होतं त्याचं."

"अहो, पण तो बाल्डविनच मुळात खोटा आहे," वहिनी म्हणाल्या. तेही खरं. खऱ्या अपोलो १० मध्ये स्टॅफर्ड, यंग आणि सर्नन होते.

"माणूस खोटा असू दे. इंधन खरं आहे."

शंकासुर हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. माणूस मूळचा गुहागरकडचा. तिकडे शिमग्यात काळा झगा, उंच टोपी आणि पांढरी दाढी लावलेला शंकासुर कमरेला घुंगरं बांधून पोरांच्या मागे धावतो. त्याच्यावरून कॉलेजात कुणीतरी ठेवलेलं नाव साता समुद्रापार आलं. पेशाने हा पायपिंग इंजिनिअर, त्यातही स्ट्रेसवाला. म्हणजे तापल्यावर पाइप किती वाढेल, निवल्यावर किती आखडेल आणि त्या ओढाताणीत जोड कुठं सुटेल, हे आधीच सांगून ठेवणारा. मुंबईच्या एका कन्सल्टन्सीतून तो ह्यूस्टनच्या तेलधंद्यात आला, इथले बरेच मराठी लोक आले तसाच. नासाशी त्याचा संबंध एवढाच, की त्याचं घर क्लिअर लेक भागात आहे, जॉन्सन स्पेस सेंटरपासून गाडीने दहा मिनिटांवर. पण देवळाशेजारी राहणारा माणूस देवाबद्दल पुजाऱ्यापेक्षा जास्त अधिकाराने बोलतो, तसं त्याचं झालंय.

भारतातून कुणाचेही आईवडील आले, की त्यांची झोप ठिकाणावर यायच्या आत शंकासुर त्यांना सॅटर्न-५ दाखवायला नेतो. एका लांबलचक शेडमध्ये ते ११० मीटरचं रॉकेट आडवं झोपवून ठेवलंय. काका दोन इंजिनं बघून होतात तोवर दमतात. हा सांगत असतो, की हे एक रॉकेट नव्हेच. पहिला टप्पा एका रॉकेटचा, दुसरा दुसऱ्याचा, तिसरा तिसऱ्याचा, पण तिन्ही खरोखर उडायला बनवलेले. काकू विचारतात, "मग उडवलं का नाही?"

"पैसे थांबवले."

हे मात्र काकूंना लगेच पटतं. मग जुना मिशन कंट्रोल. २०१९ साली तो अपोलोच्या काळात होता तसा सजवून पुन्हा उघडला, तेव्हा त्यात त्या वेळचे ॲशट्रे, कॉफीचे मग, सिगारेटची पाकिटं हेही मांडलं. मालिकेतल्या मिशन कंट्रोलचे ॲशट्रे शंकासुराने या ॲशट्रेंशी ताडून पाहिलेत. पास झाले.

अशा माणसाने जरतरच्या इतिहासाची मालिका बघूच नये, असं कुणालाही वाटेल. याच माणसाने २०१५ साली 'बाजीराव मस्तानी'मध्ये काशीबाई आणि मस्तानी जोडीने पिंगा घालायला लागल्या तेव्हा भर थिएटरात उभं राहून "शक्य नाही" असं जाहीर केलं होतं. मग लिओनोव्ह कसा चालतो? तर त्याचा एक नियम आहे: एक थाप माफ. पहिली. त्यापुढचं सगळं त्या एका थापेतून निघालं पाहिजे. तिच्याशी ज्याचा संबंध लावता येत नाही ते सगळं त्याच्या तावडीत सापडतं.

या मालिकेतली माफ केलेली थाप म्हणजे सर्गेई कोरोलेव्ह. रशियाच्या रॉकेटांचा हा मुख्य शिल्पकार. जिवंत होता तोवर सोव्हिएत सरकारने त्याचं नावही जगाला कळू दिलं नाही. जानेवारी १९६६ मध्ये मॉस्कोत तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेला. स्टालिनच्या छळछावणीत त्याचा जबडा मोडला होता, त्यामुळे श्वासनळीत नळी घालणं अवघड झालं, असं सांगतात. मालिकेत तो त्या टेबलावरून जिवंत उठतो. बस. तिथून चंद्र रशियाचा, मग बायकांनाही अंतराळात पाठवा म्हणून निक्सनची धावपळ, चंद्रावर अमेरिकेचा तळ, पुढे मंगळ, आणि टेड केनेडी राष्ट्राध्यक्ष.

हा नियम जयंत नारळीकरांचा आहे असं शंकासुर सांगतो. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या त्यांच्या कथेत विश्वासरावांना लागणारी गोळी कानाजवळून निघून जाते, मराठे लढाई जिंकतात आणि हिंदुस्थानचा इतिहास दुसऱ्याच वाटेला लागतो. एक गोळी, दोन बोटं इकडे की तिकडे. बाकी सगळं तिच्यातून. मराठी माणूस हा खेळ अडीचशे वर्षं पारावर बसून खेळतोच आहे. विश्वासराव वाचले असते तर, भाऊसाहेब अंबारीतून उतरले नसते तर, बाजारबुणगे बरोबर नेले नसते तर. नारळीकरांनी त्या खेळाला शिस्त लावली. त्यामुळे अमेरिकन लोकांनी हे काहीतरी नवीन काढलंय असं कुणी म्हटलं की शंकासुर फक्त हसतो.

आमच्यातल्या एका बँकवाल्याने या चर्चेत एकदा मोठाच ऐवज आणला. पानिपत १४ जानेवारी १७६१. कोरोलेव्ह गेला १४ जानेवारी १९६६. "दोघांवर एकाच दिवशी संक्रांत!" तो म्हणाला आणि दाद घ्यायला सगळ्यांकडे बघू लागला. असा योगायोग रोज हाती लागत नाही. आम्ही दाद देणार तेवढ्यात शंकासुराने चष्मा काढला.

"पानिपतच्या वर्षी संक्रांत चौदाला नव्हती. तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. संक्रांत दर सत्तरेक वर्षांनी एक दिवस पुढे सरकते."

बँकवाला नंतर बराच वेळ तिळाच्या वडीकडे बघत बसला.

पण शंकासुर दुष्ट नाही. त्याला फक्त कुणाशी एकमत झालेलं सोसत नाही. कोरोलेव्ह वाचला असता तरी रशियन चंद्रावर पोहोचले असते का, या वादात हे सगळ्यांत स्वच्छ दिसलं. आधी तो म्हणाला, छे. रशियाच्या एन-१ रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात तीस इंजिनं. तो अख्खा टप्पा जमिनीवर एकदम पेटवून कधी तपासलाच नाही. चार वेळा उडवलं, चारही वेळा फसलं. मालिकेत लिओनोव्ह उतरतो त्यानंतर आठवड्याने, ३ जुलैला, खरं एन-१ आपल्याच तळावर कोसळलं आणि लाँच पॅड घेऊन गेलं. आणि इंजिनं अशी चिल्लर जमवायची वेळ का आली? ग्लुश्को! इंजिनांमधला बाप माणूस, पण इंधन कुठलं वापरायचं यावरून त्याचं आणि कोरोलेव्हचं फाटलं, म्हणून कोरोलेव्हला विमानांची इंजिनं करणाऱ्या कुझनेत्सोव्हकडे जावं लागलं. "कोरोलेव्ह जगला असता तर ते भांडणही जगलं असतं."

"पटलं," बँकवाला म्हणाला.

पटलं म्हटल्याबरोबर शंकासुर अस्वस्थ झाला. "तसं अगदीच नाही हं," म्हणत त्याने मांडी बदलली. कोरोलेव्हचं क्रेमलिनमध्ये वजन किती, त्याच्यामागे आलेला मिशिन त्यामानाने किती मवाळ, पैसा आणि माणसं ओढून आणायची कोरोलेव्हची ताकद काय, हे सांगत सांगत त्याने मघाशी पाडलेलं रॉकेट पुन्हा उभं केलं आणि जेवणाची पानं मांडेपर्यंत रशियनांना चंद्रावर उतरवूनही दिलं.

समोरच्या सोफ्यावर वहिनींचा पक्ष. त्यांना मालिकेतल्या मार्गोचं आणि तिच्या त्या रशियन सर्गेईचं कधी जुळतंय एवढंच हवं असतं. हा सर्गेई निकुलोव्ह, कोरोलेव्ह नव्हे. दोन्ही सर्गेई एकाच मालिकेत घातल्याबद्दल त्यांची लेखकांवर वेगळी तक्रार आहे. एरवी हे दोन पक्ष एकमेकांच्या संवादांवरून बोलत राहतात. एकाच प्रकरणात एकी झाली: कॅरेन आणि डॅनी. कॅरेन ही एड बाल्डविनची बायको. डॅनी हा शेजारच्या गोर्डो-ट्रेसीचा मुलगा, तिच्या गेलेल्या मुलाचा मित्र. दुसऱ्या सीझनमध्ये त्या दोघांचं जे काही होतं ते बघताना खोलीतली सगळी माणसं आपापल्या ताटात बघू लागली. वहिनी "शी!" म्हणाल्या. कोपऱ्यातल्या आजी "काय झालं गं, काय झालं?" विचारत राहिल्या आणि त्यांना सांगायला कुणी पुढे होईना.

सगळे शंकासुराकडे बघत होते. एक तरी तांत्रिक हरकत? त्याने घसा खाकरला, उठला आणि आधीच भरलेल्या पाण्याच्या बाटल्या पुन्हा भरायला गेला.

त्याला वाचा फुटली ती पुढच्या सीझनमध्ये, डॅनी मंगळावर गेल्यावर. तिथं त्याच्या गलथानपणामुळे ड्रिलिंगचं काम कोसळतं, माणसं मरतात. शंकासुर ताडकन उठला. "याची मानसिक तपासणी कुणी केली? कागदावर सही कुणाची आहे? पृथ्वीवरून मंगळावर निरोप जायला तीन ते बावीस मिनिटं लागतात, तिथं असा माणूस पाठवतात?"

"मी तेव्हापासून हेच म्हणतेय," वहिनी म्हणाल्या.

"तू चारित्र्याबद्दल म्हणत होतीस. मी प्रोसिजरबद्दल म्हणतोय."

त्याचं खरं दुखणं मात्र जेम्सटाउन. मालिकेत १९७३ साली चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ, शॅकल्टन विवराच्या काठावर, अमेरिकेचा हा तळ उभा राहतो. बाहेर अंतराळवीर संथ उड्या मारत चालतात, बरोबर आहे. दार लावून आत आले की पृथ्वीवरच्यासारखे तरातरा चालायला लागतात. म्हणजे गुरुत्वाकर्षण फक्त अंगणात कमी! हे समजावून सांगण्यासाठी शंकासुर एक मीटर उंचीवरून स्टीलचा चमचा फरशीवर टाकतो. पृथ्वीवर तो अर्ध्या सेकंदाच्या आत पडतो, चंद्रावर सेकंदाहून जास्त घेईल. तो जास्तीचा वेळ आम्हाला जाणवावा म्हणून तो दर वेळी चमचा पडल्यानंतर हात तसाच वर ठेवून थांबतो. त्याच्या लेकीने यावर एकदाच मत दिलं: "बाबा, बजेट." दोरांना लटकून अख्खी मालिका काढायला किती खर्च येईल, याचा विचार लेकीने केला होता. बापाने केला नव्हता.

चमचा होतो न होतो तोच स्पेस शटल निघतं. दुसऱ्या सीझनमध्ये शटल चंद्राकडे जायला लागली त्या संध्याकाळी वहिनींनी साबुदाण्याची खिचडी केली होती आणि ती गार झाली. "कक्षेत गेल्यावर शटलला आपल्या इंजिनांनी वेग वाढवता येतो तो सेकंदाला तीनशे मीटरच्या आसपास. चंद्राकडे निघायला लागतो सेकंदाला तीन किलोमीटरहून जास्त. दहा पट! आणि पंख कशाला? चंद्रावर हवा आहे का? पावणेचार लाख किलोमीटर ते पंख फिरवून आणायचे कशाला?"

"वाटेत कुठंतरी इंधन भरत असतील," बँकवाला चाचरत म्हणाला.

"मग भरताना दाखवा!"

"माणसं संडासला गेलेली तरी कुठं दाखवतात?" वहिनींनी वाद मिटवायला म्हटलं. ती चूक होती. अपोलोच्या यानात ती सोय कशी होती, पिशव्या कशा होत्या, त्या चिकटवायच्या कशा, हे सगळं शंकासुराने खिचडीच्या साक्षीने सांगितलं.

पसंत पडलेल्या गोष्टीही आहेत, नाही असं नाही. पहिल्या सीझनच्या अगदी शेवटी समुद्रातून एक अजस्र रॉकेट उठतं. आम्ही म्हटलं, आता हा फुटणार. हा गदगदला. ते सी ड्रॅगन! १९६२ साली रॉबर्ट ट्रुअक्स या अमेरिकन अभियंत्याने कागदावर आखलेलं, दीडशे मीटर लांबीचं, समुद्रात तरंगत ठेवून तिथूनच उडवायचं. कधी बांधलंच नाही. जे कागदावर होतं आणि पैशाअभावी राहिलं, ते मालिकेत बघताना या माणसाला कुठलीच शंका येत नाही. त्या रात्री त्याने स्वतः कांदाभजी तळली. जीन क्रांझ यांना मात्र मालिकेने एका स्फोटात मारून टाकलं ते त्याने अजून मनावर घेतलंय. अपोलो १३ परत आणणारे खरे क्रांझ १९९४ पर्यंत नासात काम करून सन्मानाने निवृत्त झाले. "त्यांनी हा भाग बघितला असेल तर?" असं तो मध्येच काळजीने विचारतो.

चूक काढणाऱ्याला चूक सापडली की राग येतो, असा आपला समज असतो. खोटं आहे. चूक सापडली की तो ताजातवाना होतो. चूक सापडली नाही, तर त्याचं काय होतं हे आम्ही दुसऱ्या सीझनच्या शेवटी पाहिलं. जेम्सटाउनची अणुभट्टी वितळायच्या बेतात आहे, स्पेससूट हाताशी नाहीत, तेव्हा गोर्डो आणि ट्रेसी अंगाला डक्ट टेप गुंडाळून उघड्या चंद्रावर धावत सुटतात. तळ वाचतो. ती दोघं वाचत नाहीत. खोलीत रुमाल निघाले. शंकासुर खुर्चीच्या कडेवर आला होता. निर्वात जागेत माणूस शुद्धीवर किती वेळ राहील? दहा-पंधरा सेकंद. हा हिशेब मालिकेने हवेतून काढलेला नव्हता. १९६६ मध्ये इथंच, ह्यूस्टनच्या निर्वात कक्षात, जिम लब्लांक या तंत्रज्ञाच्या स्पेससूटची नळी निसटली. चौदाएक सेकंद तो शुद्धीवर होता, आणि जिभेवरची लाळ उकळल्यासारखी वाटली एवढंच त्याला शेवटचं आठवत होतं. तो वाचला. लेकीने हे फोनवर वाचून दाखवलं.

"माहीत आहे मला," शंकासुर पडलेल्या आवाजात म्हणाला.

"म्हणजे बरोबर दाखवलंय?"

"ढोबळ मानाने." मग बऱ्याच वेळाने, काहीतरी बोलायलाच हवं म्हणून: "टेपचा गोंद त्या तापमानाला कसा वागेल ते बघायला पाहिजे." पण त्यात जीव नव्हता. चूक नसली की हा माणूस पोरका होतो. त्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी झोपायला गेला, आपल्याच घरात, पाहुणे बसलेले असताना.

त्याला खरं पेचात पकडलं ते वहिनींनी, तिसऱ्या सीझनमध्ये. त्या सीझनच्या जगात चंद्रावरून हेलियम-३ येतं, त्यावर संलयनाची वीजकेंद्रं चालतात, तेलाला कुणी विचारत नाही आणि नोकऱ्या गेलेली माणसं चिडलेली असतात. शंकासुर हे सगळं विलक्षण शांतपणे बघत होता. वहिनी मटार सोलता सोलता म्हणाल्या, "म्हणजे त्या जगात तेलाचा धंदा बसला?"

"हं."

"मग तुमची नोकरी? व्हिसा? आपण इथं आलोच नसतो की हो."

"मी गुहागरच्या शाळेत," लेक म्हणाली. बँकवाला हसला, कारण त्याची नोकरी दोन्ही जगांत शाबूत होती.

शंकासुर उसळला. एवढा तो शटलवरही उसळला नव्हता. "अगं, पण हेलियम-३ चं संलयन होतंय कुठं? ड्युटेरियम-ट्रिटियमचं जमता जमत नाही, याला तर त्याच्या कितीतरी पट तापमान लागतं! आणि चंद्राच्या मातीत ते असतं किती? अब्जात मोजके भाग! एक किलो काढायला लाखाच्या घरात टन माती उपसायची, भट्टीत तापवायची, तो वायू वेगळा करायचा, वाहून न्यायचा..."

"कोरोलेव्ह वाचला ते तुम्हाला चालतं," वहिनी म्हणाल्या, "तुमची नोकरी गेली ते चालत नाही."

"नोकरीचा प्रश्नच नाही. हे पहिल्या थापेतून निघत नाही."

"बरं. पण मला सांगा, तापवलेला वायू वाहून न्यायचा म्हणालात, तो कशातून नेणार?"

शंकासुराचं तोंड उघडं राहिलं. मग मिटलं. उजव्या हाताची बोटं मांडीवर आकडे टाकायला लागली. "दिवसा एकशेवीस अंश," तो स्वतःशीच म्हणाला, "रात्री उणे एकशेतीस. अडीचशेचा फरक. आणि चौदा दिवस दिवस, चौदा दिवस रात्र." त्याने माझ्याकडे वळून हात पुढे केला.

"रिमोट आण इकडे. मघाशी चंद्रावरचं दृश्य होतं ना? पाइपांना एक्स्पान्शन लूप दिलेत का बघू."